वारेकाकांचे डास

गल्लीत कुणाचाही पंखा बंद पडला की लोक तो काखोटीला मारून वारेकाकांकडे आणायचे. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं. जळालेल्या मोटरची तांब्याची तार उलगडून काढायची, नवी गुंडाळायची, तिला वॉर्निश पाजायचं, दिव्याखाली वाळवायचं आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पुन्हा वारा चालू करून द्यायचा, यातच त्यांची उभी हयात गेली. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "वारा काय माझ्या बापाचा आहे? मी फक्त त्याचा रस्ता मोकळा करून देतो." बोलणं असं नम्र, पण म्हणताना छाती चांगली दोन बोटं फुगायची.

माणूस कामाला चोख, व्यवहाराला सरळ. खोट एकच. आपल्या हातून चूक होऊ शकते, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरत नसे. दुरुस्त केलेला पंखा आठवड्यात परत आला तर ते आधी गिऱ्हाइकाच्या घरच्या विजेला नावं ठेवायचे, मग बटणाला, मग पंखा टांगणाऱ्या माणसाला. सगळ्यांचा उद्धार झाला की मुकाट्याने मोटर उघडायचे आणि पुन्हा पैसे न घेता तार भरून द्यायचे. बायको म्हणायची, "चूक नव्हती तर फुकट कशाला केलंत?" त्यावर ते कानात काडी घालून बसायचे.

घराच्या मागे त्यांचं अंगण होतं आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याची शेड. तिथे त्यांचा कारखाना. मध्ये एक जुनं, डेरेदार आंब्याचं झाड, भिंतीकडेला केळी आणि बायकोने कुठून कुठून मागून आणलेले नेचे. ऊन त्या अंगणात फक्त चुकून यायचं. भर दुपारीसुद्धा जमीन ओलसर आणि हवा थंड. बायकोला ही जागा जिवापाड आवडायची. दुपारची कामं उरकली की ती झाडाखाली खुर्ची टाकून बसायची आणि मांडीवर पाट घेऊन मोटरच्या खाचांमध्ये घालायचे जाड कागद कापायची. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. कागद केसभर मोठा झाला तर तार बसत नाही, लहान झाला तर मोटर जळते. तिने कापलेला कागद कधी परत कापावा लागला नाही. वारेकाकांनी हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. इतर सगळ्यांना मात्र ते सांगायचे.

ती एकटी बसायची नाही. भिंतीपलीकडे बाई राहायच्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पण निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळ्यांच्या बाई. घरात त्या एकट्याच. दोन्ही अंगणांच्या मध्ये एक लाकडी फाटक होतं. दुपारी चहाच्या वेळी ते कुरकुरायचं आणि बाई कपबशी हातात धरूनच अलीकडे यायच्या. कधी वारेकाकांची बायको पलीकडे जायची. बाईंच्या अंगणात सिमेंटचं एक टाकं होतं, त्यात कमळं आणि रंगीत शेपटीचे बारीक मासे. त्यांना पावाचा चुरा घालायचा हा दोघींचा रोजचा उद्योग. बोलायच्या काय, तर काहीच नाही. गुडघे, भाव, कुणाची सून, कुणाचा जावई. पण त्या घटकाभराच्या गप्पांवर वारेकाकांच्या बायकोचा उरलेला दिवस चालायचा. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी गेलेली, आणि नवरा तर दिवसभर मोटरीत डोकं खुपसून बसणारा.

एका वर्षी अंगणात डास वाढले. रात्रीचे गुणगुणणारे नव्हेत, पायावर पांढरे पट्टे असलेले, दिवसाढवळ्या चावणारे. आवाज करायचे नाहीत, टेबलाखाली, खुर्चीखाली लपायचे आणि घोट्याला डसायचे. बायकोला साखरेचा आजार होता. तिने खाजवलं की फोड यायचा, आणि फोड आला की महिनाभर भरायचा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की सध्या डेंग्यूची साथ आहे, यांना तो ताप झेपणार नाही, जपा.

"तू आत बसत जा," वारेकाका म्हणाले.

"आत बसून काय करू? भिंती मोजू?" ती म्हणाली. "घटकाभर तरी मला माणसात बसू द्या."

झाडाखाली एक बाई आणि टाक्यातले मासे, याला ती माणसात बसणं म्हणत होती. दुसऱ्या दिवशी वारेकाकांनी डासांविरुद्ध लढाई पुकारली. हिचं अंगण हिला परत मिळवून द्यायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

लढाई पाहण्यासारखी होती. पहिल्यांदा त्यांनी अंगणाच्या चारही कोपऱ्यांत डासांच्या अगरबत्त्या लावल्या. डास हलले नाहीत, बायको मात्र खोकून खोकून बेजार झाली. मग त्यांनी वाळक्या पाल्याचा धूर केला. तो वाऱ्याबरोबर सरळ मागच्या घराच्या दोरीवरच्या कपड्यांत शिरला, आणि तिथले आजोबा चड्डी-बनियनवर भांडायला आले. मग आली विजेची रॅकेट. वारेकाका ती घेऊन झाडाखाली असे फिरायचे की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, म्हातारपणी टेनिस शिकतायत. शेवटी त्यांना आपला धंदा आठवला. लांब वायर टाकून त्यांनी एक टेबलफॅन अंगणात आणला आणि बायकोच्या पायाशी लावला. हा उपाय खरा निघाला. डासाला जोराच्या वाऱ्यात उडता येत नाही, तो पायापर्यंत पोचेना. पण कापलेले कागद भुर्रकन अंगणभर झाले.

"मी कागद कापू की पकडू?" ती म्हणाली, आणि हसली. बाईही हसल्या. वारेकाकांनी कागदांवर एक बेअरिंग ठेवलं आणि शेडमध्ये गेले. हसू त्यांनाही आलं होतं, पण ते दाखवायची त्यांना सवय नव्हती.

पंख्याने पाय वाचले, मान आणि हात वाचेनात. तेव्हा आरोग्य खात्याचा तपासनीस गल्लीत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च, बूट चिखलाने भरलेले. घरोघरी तेच तेच सांगून त्याचा आवाज बसला होता. "हे डास गटारात होत नाहीत. घरात साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतात. कुंडीखालची ताटली, बादली, टायर, नारळाची करवंटी. आठवड्यातून एकदा सगळं ओतायचं आणि काठ घासायचा. अंडी काठाला चिकटतात, नुसतं ओतून जात नाहीत."

वारेकाकांनी त्याला हात धरून अंगणभर फिरवलं. बादल्या पालथ्या, ताटल्या काढून टाकलेल्या, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर कापड घट्ट बांधलेलं. तपासनीस खूष झाला. मग त्याने शेडच्या मागच्या बाजूला मान वळवली. "तिकडे काय आहे?"

"तिकडे माझा माल आहे. काही नाही तिकडे," वारेकाका म्हणाले. आणि भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "खरी गोष्ट तिथे आहे. जंगल करून ठेवलंय बाईंनी. आणि पाण्याचं आख्खं टाकं."

तपासनीस पलीकडे गेला, टाक्यात टॉर्च मारला आणि परत येऊन म्हणाला, "त्यात मासे आहेत, काका. अळी झाली की ते खातात. असं टाकं असलं तर उलट बरं."

वारेकाकांना हे पटलं नाही. टाकंभर पाणी उघडं पडलंय आणि म्हणे बरं. हा कसला तपासनीस, असं ते त्या संध्याकाळी दुकानावर म्हणाले. किराणावाल्याला म्हणाले, दळण आणायला गेले तिथे म्हणाले, पंखा घ्यायला आलेल्या प्रत्येकाला म्हणाले. डास बाईंच्या जंगलातून येतात, हे महिन्याभरात गल्लीत सगळ्यांना माहीत झालं. बाईंच्याही कानावर ते गेलंच असणार. पण त्या चहाला येत राहिल्या, आणि वारेकाकांकडे पाहून नेहमीसारखी मान हलवत राहिल्या.

मग बाई चार दिवस भाचीकडे गेल्या. वारेकाकांनी फाटक उघडलं, मोटरी धुवायचा रॉकेलचा डबा उचलला आणि टाक्यात ओतला. जुन्या काळी साठलेल्या पाण्यात तेल टाकायचेच, ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. तेल हलकं, ते वर तरंगणार. मासे खाली, त्यांना काय त्याचं, असा त्यांचा हिशेब होता. पंख्याच्या मोटरीचा त्यांना जन्मभराचा अभ्यास होता. माशाचा नव्हता.

बाई परतल्या तेव्हा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते आणि कमळाची पानं काळी पडली होती. त्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. फाटकाशी उभ्या राहिल्या आणि एवढंच विचारलं, "भाऊ, मला एकदा सांगायचं तरी होतंत."

"तुमच्या टाक्यामुळे हिच्या अंगाची चाळण झालीय, बाई," वारेकाका म्हणाले. "किती दिवस गप्प बसायचं माणसाने?"

बाईंनी मागे खुर्चीत बसलेल्या मैत्रिणीकडे पाहिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती कात्री हातात तशीच धरून नवऱ्याकडे बघत राहिली. लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि बाईंना वाटलं की हिचंही हेच म्हणणं आहे. दुसऱ्या दिवशी फाटकाला पलीकडून तार गुंडाळलेली दिसली. टाकं बाईंनी रिकामं करून मातीने बुजवलं.

बायकोने नवऱ्याला एकदाच विचारलं, "का केलंत हो असं?"

"तुझ्यासाठीच केलं," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पलीकडे जाऊन बोलावं असं तिच्या मनात रोज यायचं. पण कुठल्या तोंडाने जाणार? माशांना तिनेच चुरा घातलेला, कमळाचा कंद तिनेच आणून दिलेला. चहाची वेळ झाली की ती कागद बाजूला ठेवायची, खुर्ची फाटकाजवळ ओढायची आणि तिथे बसायची. पलीकडे झाडू फिरायचा, नळ वाजायचा, बाई खाकरायच्या. ती ऐकत बसायची. पंख्याची वायर तिथपर्यंत पोचत नव्हती. वारेकाका शेडमधून ओरडायचे, "इकडे बस, वाऱ्यात." ती म्हणायची, "बरी आहे इथे."

आणि डास काही कमी झाले नाहीत.

पाऊस सरत आला असताना तिला ताप भरला. अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे ठणका लागला. दोन दिवस गोळ्या देऊन झाल्या, तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त दिसलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डेंग्यूच निघाला. मुलगी पहिल्या गाडीने आली. डॉक्टर रोज रक्त तपासायचे आणि रोज त्यांचा चेहरा आधीच्या दिवसापेक्षा लांब झालेला असायचा.

असा रोगी सापडला की आरोग्य खातं त्याच्या घरी येतं. तोच तपासनीस सकाळी दारात उभा राहिला. वारेकाका कपडे आणि थर्मास घ्यायला घरी आले होते. "काका, परत एकदा अंगण बघावं लागेल," तो म्हणाला. या वेळी त्याने विचारलं नाही. तो सरळ शेडच्या मागे गेला.

तिथे, झाड आणि भिंत यांच्या बेचक्यात, जुन्या पंख्यांच्या मोटरींची झाकणं रचलेली होती. लहान कढईएवढी, खोलगट, कुठलंही कधी लागेल म्हणून वर्षानुवर्षं जपून ठेवलेली. मोटरीची दोन झाकणं ज्या कडेवर एकमेकांना मिळतात, तिला टवका उडाला तर पंखा जन्मभर घुमतो. म्हणून झाकण कधी कडेवर ठेवायचं नाही, नेहमी उताणं ठेवायचं. वारेकाकांना हे त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि त्यांनी उभ्या आयुष्यात एकही झाकण पालथं ठेवलं नव्हतं. भंगारातलंसुद्धा. प्रत्येकात पाणी होतं. वरून आंब्याची पानं पडून कुजली होती. ऊन तिथे पोचतच नव्हतं, त्यामुळे पाणी आटलंही नव्हतं.

तपासनिसाने टॉर्च लावला. पाण्यात बारीक काळ्या अळ्या एकदम वळवळून तळाशी गेल्या. त्याने दुसऱ्या झाकणात पाहिलं, मग तिसऱ्यात. मग टॉर्च बंद केला. "हे कुणाचं?" त्याने सवयीने विचारलं.

"माझं," वारेकाका म्हणाले.

तो भला माणूस होता. बाही वर सारून झाकणं एकेक करून पालथी घालायला लागला. वारेकाकाही खाली बसले आणि पालथी घालू लागले. कडा दगडावर खणखण वाजत होत्या. त्या आवाजाने एरवी त्यांच्या काळजाचा ठोका चुकला असता. अर्ध्यावर त्यांचे हात थांबले. त्यांना आठवलं, बायको कितीदा म्हणाली होती, "तो ढिगारा एकदा काढा हो तिथला." आणि ते दर वेळी म्हणाले होते, "माल आहे तो. तुला काय कळतंय."

दवाखान्यात ती उशीला टेकून पडली होती. हातावर सुईच्या जागी निळे डाग पडले होते. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. खाटांच्या मधून सफाईवाली फडकं मारत होती, आणि डोक्यावरचा पंखा लटपटत फिरत होता. एरवी वारेकाकांनी आधी पंख्याकडे पाहिलं असतं. ते स्टुलावर बसले.

"आला होता का तो, तपासायला?" तिने विचारलं.

"आला होता."

"मग? सापडलं काही?"

"बघतायत," ते म्हणाले.

ती थोडा वेळ दम घेत राहिली. मग म्हणाली, "बाईंच्याच झाडांतून आले असतील, तर असू दे. त्यांनी काय मुद्दाम केलंय का? तुम्ही आता त्यांच्यावर राग धरू नका. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही, असं त्यांना सांगा."

"सांगतो."

"नुसतं सांगू नका. बोलवा त्यांना. एकदा येऊन बसल्या माझ्याजवळ, तर बरं वाटेल मला. आज जमलं तर आजच बोलवा."

"आज नाही, उद्या बोलावतो," ते म्हणाले.

का म्हणाले उद्या, हे त्यांना चांगलं माहीत होतं. बाई आल्या की या दोघींचं बोलणं होणार. बाई हात जोडून म्हणणार, माझ्यामुळे झालं. ही म्हणणार, असू दे. आणि आपण मध्ये स्टुलावर बसून ते ऐकायचं. नाहीतर तिथल्या तिथे तोंड उघडायचं, आणि जिच्यासाठी सगळं केलं तिला सांगायचं, की तुला हा ताप आपल्याच शेडच्या मागून आला, माझ्या झाकणांतून. गिऱ्हाइकाच्या विजेला दोष देणं सोपं होतं. इथे कुणाची वीज नव्हती.

तरी ते त्या संध्याकाळी बाईंच्या पुढच्या दारी गेले. आत दिवा होता, भांड्यांचा आवाज येत होता. बेलवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. आधी हिला जरा बरं वाटू दे, मग हिला सांगू, मग बाईंना सांगू, मग बोलावू, असा सगळा क्रम त्यांनी दारात उभ्या उभ्या लावला. क्रम अगदी बरोबर होता. मग ते पायऱ्या उतरून परत दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "येतायत का बाई?"

"येतील," ते म्हणाले.

दुपारी तिचं पोट फुगलं, धाप लागली. तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मुलगी बाहेर भिंतीला टेकून रडत होती. वारेकाका उभेच होते. दार उघडायच्या आधीच त्यांना कळलं होतं. बाहेर आलेल्या डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

लोक आले, लोक गेले. बाईही आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. गर्दीत दोन-चार जणांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. वारेकाकांनी ते पाहणं पाहिलं आणि मान खाली घातली. थोड्या वेळाने वर पाहिलं तर बाई नव्हत्या. मुलगी काही दिवस राहिली. बाबा, माझ्याकडे चला, म्हणाली. त्यांनी नको म्हटलं. ती गेल्यावर घर एवढं शांत झालं की शेडमधल्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज त्यांना झोपायच्या खोलीत ऐकू यायला लागला.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून कुऱ्हाडीचा आवाज आला.

वारेकाका उठून फाटकाशी गेले. फटीतून दिसलं, की एक लाकूडतोड्या बाईंचं पेरूचं झाड तोडतोय. चाफा आधीच आडवा झाला होता. नेचे, क्रोटन, वेली सगळं उपटून एका कोपऱ्यात ढीग केला होता. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेली जमीन उन्हात उघडी पडली होती, आणि बाई पदर खोचून मुळं गोळा करत होत्या. या वयात, या गुडघ्यांनी.

त्यांनी फाटकाची तार अलीकडून पिरगाळून तोडली. बोट कापलं, त्याकडे लक्ष गेलं नाही. "बाई, थांबवा हे," ते म्हणाले. "त्याला थांबायला सांगा."

बाईंनी वर पाहिलं. "आधीच करायला हवं होतं, भाऊ. तुम्ही सांगत होतात तेव्हा ऐकलं असतं तर ती आज असती." त्यांचा आवाज शाळेत धडा सांगावा तसा सरळ होता. "माझ्या झाडांनी नेली तिला. मला आता ही सावली बघवत नाही."

"तुमच्या झाडांनी नाही नेली."

"अख्खी गल्ली म्हणते."

"गल्लीला मी सांगितलं. डास माझ्या शेडमागे होते. माझ्या मोटरींच्या झाकणांत. तपासनिसाने दाखवलं मला. तुमच्या टाक्यात नव्हते, तुमच्या झाडांत नव्हते. माझ्याच झाकणांत होते, बाई."

लाकूडतोड्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो विडी ओढायला बाजूला गेला. बाई हातातल्या मुळांची माती झटकत राहिल्या. बराच वेळ झटकत राहिल्या. माती संपली तरी.

"तिला हे कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी सांगितलं नाही." आता सुरुवात झाली होती, तर त्यांना थांबता येईना. "तिला तुमच्याच झाडांतून आले असंच वाटत होतं. तरी ती म्हणाली, माझ्या मनात बाईंबद्दल काही नाही, असं त्यांना सांगा. मी तेही सांगितलं नाही."

बाई तोडलेल्या पेरूच्या बुंध्यावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण त्या तोंडावर हात धरून बसल्या नाहीत, की पदराने पुसलंही नाही. "मी दवाखान्यात आले नाही," त्या म्हणाल्या. "रोज आवरून बसायचे आणि वाटायचं, तिला मी समोर नको असेन. माझ्यामुळे ती तिथे पडलीय, तिला माझं तोंड कशाला दाखवायचं. तिला भेटावंसं वाटलं तर ती बोलावेल, असं म्हणत राहिले." त्यांनी वारेकाकांकडे पाहिलं. "तिने मला बोलावलं नाही का हो?"

वारेकाकांना खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर बाईंना ते सोसायला सोपं गेलं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ते त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर खाली बसले.

"बोलावलं होतं," ते म्हणाले. "दोनदा विचारलं तिने. मी उद्या म्हणालो. मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो, बाई. बेल नाही वाजवली."

"कधी?"

"जायच्या आदल्या संध्याकाळी."

बाईंनी हातातली मुळं खाली ठेवली.

"मी घरीच होते," त्या म्हणाल्या.